काचेच्या हद्दीतली भाऊबंदकी

खाऱ्या पाण्यातील मासे घरात पाळण्याच्या छंदाचा इतिहास बहुधा पाण्याचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. समुद्रापासून दूरच्या दिवाणखान्यात समुद्राचे पाणी आणायचे कसे, आणलेले पाणी नासू द्यायचे नाही ते कसे, आणि पुढे तेच पाणी मिठाच्या पिशवीतून घरच्या घरी तयार करायचे कसे, या तीन प्रश्नांभोवती तो फिरत राहतो. हे प्रश्न अवघड होते आणि ते सुटायला शंभराहून अधिक वर्षे लागली, हे खरेच आहे. परंतु ते सुटत आले तेव्हाच रसायनशास्त्राच्या आवाक्याबाहेरचा एक वेगळा प्रश्न उभा राहिला. स्वच्छ, योग्य क्षारतेच्या, हवे तेवढे ऊबदार ठेवलेल्या पाण्यात सोडलेले दोन निरोगी मासे एकमेकांना जगू देत नसतील, तर काय करायचे? पाणी काबूत आल्यावर पाण्यातल्या रहिवाशांची भांडणे उघडी पडली, आणि या छंदाचा उत्तरार्ध त्या भांडणांच्या बंदोबस्तात गेला.

या भांडणांचे मूळ हद्द राखण्याच्या वृत्तीत आहे. प्रवाळखडकांवर राहणारे अनेक मासे एखादी कपार, शैवालाचा एखादा पट्टा किंवा अंडी घालण्याची जागा आपली मानतात आणि तेथे शिरणाऱ्याला हुसकून लावतात. समुद्रात अशी झटापट सहसा काही क्षणांत संपते, कारण हरलेला मासा निघून जातो. चार हात दूर गेले की जेत्याचा राग ओसरतो आणि पुढच्या खडकावर कोठे तरी जागा मिळते, किंवा मिळत नाही आणि तो मासा दुसऱ्याच कोणाचे भक्ष्य होतो. काचेच्या टाकीत ही निघून जाण्याची सोय नसते. हरलेला मासा काचेवर आपटून परततो, तो परतलेला दिसताच जेता त्याला पुन्हा घुसखोर समजतो, आणि जी झटापट क्षणात संपायची ती दोन-चार दिवस चालून एकाच्या मृत्यूने संपते. मोठ्या टाकीत हद्दप्रिय मासे एकत्र नांदवण्यासाठी पाळणाऱ्यांनी शोधलेल्या बहुतेक युक्त्या या एका हिरावलेल्या वाटेची भरपाई करण्याच्या युक्त्या आहेत, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते.

समुद्री मासे हौसेने पाळण्याची पहिली मोठी लाट प्राचीन रोममध्ये आली. नेपल्सच्या उपसागराकाठी धनिकांनी समुद्राचे पाणी आत घेणारे दगडी तलाव बांधले. लुकुलसने तर आपल्या तलावात भरतीचे पाणी यावे म्हणून डोंगर फोडला, आणि हॉर्टेन्सियस हा नामांकित वक्ता आपला लाडका मोरे, म्हणजे वामेसारखा लांबट दातेरी मासा, मेला तेव्हा रडला, असे प्लिनीने नोंदवले आहे. या श्रीमंती चाळ्यांची सिसेरोने भरपूर टिंगल केली. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या साऱ्या कथांपेक्षा वॅरोने शेतीवरील आपल्या ग्रंथात जाता जाता केलेले एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे: चित्रकाराच्या पेटीत निरनिराळ्या रंगांसाठी जसे कप्पे असतात, तसे या तलावांत निरनिराळ्या जातींच्या माशांसाठी कप्पे केलेले असत. सहजीवनाच्या प्रश्नाला माणसाने दिलेले पहिले उत्तर म्हणजे मधली भिंत होती. ते उत्तर अचूक असले तरी त्यात प्रश्न सुटत नाही, टळतो.

घरात काचेच्या भांड्यात समुद्र उभा करण्याची कल्पना त्यानंतर जवळजवळ एकोणीसशे वर्षांनी आकाराला आली. जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच अभ्यासक बाईंनी १८३०च्या दशकात सिसिलीतील मेसिना येथे ऑक्टोपसाच्या कुळातील आर्गोनॉट या प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या तयार केल्या. इंग्लंडमध्ये ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथून कठीण प्रवाळ लंडनला आणले आणि ते जगवण्यासाठी मोलकरणीकरवी खारे पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून घेण्याचा क्रम ठेवला, म्हणजे पाण्यात हवा मिसळत राही. आजच्या विजेच्या पंपाचे काम त्या घरात एका बाईच्या मनगटाने होत होते, आणि तिचे नाव मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा एकमेकांवर चालणारा समतोल मांडला. ब्रिटनमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये उठलेला असल्याने जाड काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द ग्रंथाच्या शीर्षकावर आणून तो रूढ केला. चार क्षार मिसळून समुद्राचे पाणी कृत्रिमरीत्या बनवण्याची कृतीही त्यानेच प्रसिद्ध केली. त्याच्या ग्रंथांनी किनाऱ्यावर अशी झुंबड उडाली की खडकांतील डबकी अक्षरशः ओरबाडली गेली, आणि त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत त्याबद्दल खंत व्यक्त केली.

गॉसच्या पिढीला सहजीवनाचा प्रश्न माहीत नव्हता असे नाही, पण त्यांच्यासमोरचे त्याचे रूप निराळे होते. त्यांच्या टाक्यांत ब्रिटिश किनाऱ्यावरचे थंड पाण्यातले जीव असत, म्हणजे समुद्रफुले, खेकडे, कोळंब्या, खडकांत लपणारे लहानसहान मासे. आणि त्यांच्यातले बहुतेक तंटे हद्दीचे नसून भुकेचे होते. खेकड्याने मासा खाल्ला, मोठ्या माशाने लहान गिळला, अशा घटनांवरून कोणाला कोणाशेजारी ठेवू नये याचे ठोकताळे त्या काळच्या हस्तपुस्तिकांत हळूहळू जमत गेले. एक अपवाद मात्र ठळक होता. गोड्या तसेच खाऱ्या पाण्यातही राहणारा स्टिकलबॅक हा बोटभर लांबीचा काटेरी मासा विणीच्या दिवसांत घरटे बांधतो, नराचा गळा व पोट लालभडक होते, आणि घरट्याभोवती येणाऱ्या दुसऱ्या नरावर तो तुटून पडतो. हे दृश्य त्या काळच्या दिवाणखान्यात अनेकांनी पाहिले आणि वर्णिले. ज्याला पुढे शास्त्रात हद्दीचे वर्तन म्हटले गेले, ते बैठकीच्या खोलीत प्रथम या माशाने दाखवले.

यानंतरच्या शंभर वर्षांत समुद्री मासे घरापेक्षा सार्वजनिक मत्स्यालयांतच अधिक राहिले, कारण पाणी प्रचंड प्रमाणात लागे आणि ते फिरते ठेवण्याची यंत्रणा संस्थांनाच परवडे. विल्यम आल्फर्ड लॉइड याने हॅम्बर्ग आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयांत तळघरातील मोठ्या अंधाऱ्या हौदातून पाणी सतत फिरवण्याची पद्धत बसवली. नेपल्सचे प्राणिशास्त्रीय केंद्र १८७० च्या दशकात उभे राहिले, तर शिकागोच्या शेड मत्स्यालयाने १९३० मध्ये फ्लोरिडातील की वेस्ट येथून रेल्वेच्या टाकीवाहू डब्यांतून दहा लाख गॅलन समुद्राचे पाणी आणले. भारतात मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय सुरू झाले, आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, ज्याच्या काचांना नाक लावून मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांनी प्रवाळखडकांवरचे मासे प्रथम पाहिले. सार्वजनिक मत्स्यालयांना भांडणांची झळ कमी लागे, कारण त्यांच्याजवळ टाक्या पुष्कळ असत. जमले नाही तर मासा उचलून दुसरीकडे सोडायचा, म्हणजे वॅरोच्याच काळातील तोडगा, एवढेच करावे लागे.

खरा पेच दुसऱ्या महायुद्धानंतर निर्माण झाला. विमान वाहतुकीमुळे उष्ण कटिबंधातील मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून एक-दोन दिवसांत युरोप-अमेरिकेत पोचू लागले. मायामीच्या रॉबर्ट स्ट्रॉगन याने १९५० च्या दशकात वाळूखालील गाळणीचा, म्हणजे तळाच्या वाळूतून पाणी ओढून त्या वाळूतील जिवाणूंकडून ते शुद्ध करून घेण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. धातूच्या चौकटीत बसवलेल्या, मिठाच्या पाण्याने गंजणाऱ्या टाक्यांच्या जागी सिलिकॉनने चिकटवलेल्या निव्वळ काचेच्या टाक्या आल्या, आणि १९६४ पासून अमेरिकेत 'इन्स्टंट ओशन' या नावाने तयार समुद्री मीठ मिळू लागले. आता समुद्रापासून हजार किलोमीटर आत राहणाऱ्या कारकुनालाही प्रवाळखडकावरचा मासा पाळता येणे शक्य झाले, आणि ज्या माशांचे सौंदर्य त्याला वेड लावत होते नेमके तेच मासे हद्दीच्या बाबतीत सर्वांत कडवे निघाले.

या पेचाला छंदातल्याच एका प्रथेने खतपाणी घातले. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो, परंतु हे जिवाणू वाळूत पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात. तोवर पाणी विषारी असते. त्या विषारी आठवड्यांत टिकेल आणि आपल्या विष्ठेने जिवाणूंना अन्नही पुरवील असा स्वस्त, चिवट मासा हवा असे, आणि डॅमसेल या नावाने ओळखले जाणारे छोटे निळे-काळे मासे या कसोटीला उतरत. त्यामुळे टाकीची सुरुवात दोन-चार डॅमसेलनी करायची, हा अनेक दशके पाळला गेलेला शिरस्ता बनला. पण डॅमसेल हा प्रवाळखडकावरच्या सर्वांत हद्दखोर माशांपैकी एक आहे. त्याच्या काही जाती तर शैवालाचा तुकडा शेतासारखा राखतात, नको असलेले शैवाल उपटून टाकतात आणि आपल्या कित्येक पट मोठ्या माशाला, प्रसंगी पाणबुड्या माणसालाही, चावायला धावतात. महिनाभर रिकाम्या टाकीत एकट्याने राहिलेला असा मासा सगळ्या टाकीचा मालक होऊन बसे, आणि मग मोठ्या हौसेने, मोठ्या किमतीला आणलेला देखणा मासा आत सोडला की त्याची दैना होई. पाण्याच्या प्रश्नाचे उत्तरच सहजीवनाच्या प्रश्नाचे कारण ठरले होते. हा योगायोग नव्हे. विषारी पाण्यात तगणारी चिवट प्रकृती आणि जागेसाठी भांडणारा स्वभाव डॅमसेलमध्ये एकत्र नांदत होते, आणि विकत घेणाऱ्याला त्यांतला एकच गुण सांगितला जाई.

या भांडणांना शास्त्राच्या दालनात मानाचे स्थान मिळवून देणारा माणूस स्वतः लहानपणापासून मासे पाळणारा होता. ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ याने आक्रमकतेवरील आपला ग्रंथ १९६३ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध केला, तीन वर्षांनी त्याचा इंग्रजी अनुवाद झाला, आणि त्याची पहिली प्रकरणे माणसावर किंवा हिंस्र श्वापदांवर नसून फ्लोरिडाच्या समुद्रातील व प्रयोगशाळेच्या टाक्यांतील प्रवाळमाशांवर आहेत. प्रवाळखडकांवरचे काही मासे जाहिरातीच्या फलकासारखे भडक आणि ठसठशीत रंगांचे असतात, काही साधे असतात. लोरेन्झला असे दिसले की भडक रंगांच्या जाती एका जागी चिकटून राहतात आणि आपल्याच जातीच्या माशावर सर्वाधिक हल्ले करतात. अनेक जाती एकत्र ठेवलेल्या मोठ्या टाकीत माशांनी घेतलेले चावे मोजले असता स्वजातीयाला आणि परजातीयाला घेतलेल्या चाव्यांचे प्रमाण ८५ ला १५ असे भरले, आणि त्या १५ मध्येही मोठा वाटा आपल्या बिळापासून न हलणाऱ्या डॅमसेलचाच होता. त्याचा निष्कर्ष असा की रंग म्हणजे हद्दीवर रोवलेला झेंडा आहे. एकाच प्रकारचे अन्न खाणारे, एकाच प्रकारची कपार शोधणारे स्वजातीयच एकमेकांचे खरे प्रतिस्पर्धी असल्याने त्यांना परस्परांपासून दूर ठेवण्याचे काम तो झेंडा करतो.

बांधावरून होणारे तंटे परक्या गावच्या माणसाशी होत नाहीत, ते चुलतभावाशी होतात, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्याला लोरेन्झचे आकडे चकित करणार नाहीत. भाऊबंदकी या एका शब्दात त्याच्या पहिल्या प्रकरणांचा गाभा येतो. मासे विकणाऱ्यांनाही हे आधीच अनुभवाने कळलेले होते. एका टाकीत एका जातीचा एकच मासा ठेवावा, हा त्यांचा नियम लोरेन्झच्या सिद्धान्तामुळे शास्त्रसंमत झाला इतकेच. लोरेन्झने आपल्या ग्रंथात माशांवरून माणसापर्यंत मारलेल्या उडीवर पुढे कडाडून टीका झाली आणि ती बऱ्याच अंशी योग्यही होती, परंतु टाकीबाहेरच्या त्या वादाने टाकीतल्या निरीक्षणाची किंमत कमी होत नाही.

तथापि टाकीतले निरीक्षणही पुढे पुरते सरळ राहिले नाही. अमेरिकेत आर्थर मिरबर्ग आणि रोनाल्ड थ्रेशर यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की डॅमसेल आपल्या हद्दीतून परजातीयांनाही हाकलतो, पण प्रत्येकासाठी त्याची सीमारेषा निराळी असते: स्वजातीय बराच दूर असतानाच तो चालून जातो, शैवाल खाणारा परका मासा त्याहून जवळ आल्यावर, आणि ज्याच्याशी अन्नाचा किंवा बिळाचा काहीच संबंध नाही अशाला तो अगदी जवळ येऊ देतो. म्हणजे एकाच माशाभोवती एकात एक बसवलेली अनेक कुंपणे असतात. हे कळल्यावर 'एका जातीचा एकच' हा नियम अपुरा ठरला, आणि त्याची जागा अधिक नेमक्या विचाराने घेतली: आकार, रंग, अन्न आणि लपण्याची जागा यांपैकी जितक्या गोष्टींत दोन मासे सारखे, तितके ते एका टाकीत नांदणे कठीण.

याच्या आधीच डच प्राणिशास्त्रज्ञ निको टिनबर्गेन याने स्टिकलबॅकवर केलेला एक साधा प्रयोग पाळणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा ठरावा असा आहे. एका टाकीच्या दोन टोकांना घरटी केलेले दोन नर त्याने दोन काचेच्या नळ्यांत घातले आणि त्या दोन्ही नळ्या आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या. पहिल्याच्या हद्दीत पहिला चवताळे आणि दुसरा पळू पाही. दुसऱ्याच्या हद्दीत नेमके उलटे होई. मासे तेच, ताकद तीच, बदलली ती फक्त जागा. गावातल्या कुत्र्याला आपल्या गल्लीत जोर चढतो हे कोणीही सांगेल, पण नळी सरकवून राग आणि भीती यांची अदलाबदल करता येते हे दाखवण्याला टिनबर्गेनची बुद्धी लागली. १९७३ चे नोबेल पारितोषिक त्याला लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह मिळाले.

मोठ्या घरगुती टाकीतला जाणता पाळणारा याच तत्त्वावर काम करतो, मग त्याने टिनबर्गेनचे नाव ऐकलेले असो वा नसो. मासे सोडण्याचा क्रम ही त्याची पहिली युक्ती: सर्वांत भित्रा मासा आधी, सर्वांत दांडगा शेवटी, म्हणजे दांडग्याच्या आगमनापूर्वी इतरांची घरे ठरलेली असतात. जुन्या रहिवाशांमध्ये नवा मासा सोडताना टाकीतले खडक उचलून नव्याने रचणे ही दुसरी. बांधच मोडले की जुना मालकही एका रात्रीपुरता उपरा होतो आणि सर्वांना सारख्याच अडचणीत घरे शोधावी लागतात. नव्या माशाला छिद्रे असलेल्या पारदर्शक पेटीत घालून ती काही दिवस टाकीतच टांगून ठेवणे, म्हणजे दिसत राहावे पण चावता येऊ नये, ही तिसरी. आणि टाकीच्या एका बाजूला बाहेरून आरसा लावून जुन्या दांडग्याला आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत गुंतवून ठेवणे ही चौथी, जी पाहताना हसू येते पण जी काही वेळा चालते. याखेरीज एकच हेकेखोर मासा असेल तर त्यालाच जाळीने उचलून आठवडाभर बाहेर ठेवतात. परत आणल्यावर तो पाहुणा ठरतो.

क्रम आणि रचना यांच्या पलीकडे संख्येचा एक विचित्र न्याय आहे. दोन सर्जनफिश एकत्र ठेवले तर बलवान दुर्बळाला मारतो, परंतु सहा-सात एकदम सोडले तर मार वाटला जातो आणि कोणा एकाच्या वाट्याला जिवावर बेतेल इतका येत नाही, असा अनुभव आहे. सर्जनफिश हे शैवाल चरणारे चपटे मासे. त्यांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना शस्त्रवैद्याच्या पात्यासारखा धारदार काटा असतो आणि त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले आहे. मात्र ही युक्ती हजार लिटर किंवा त्याहून मोठ्या टाकीतच चालते, आणि त्यातही तांबड्या समुद्रातील सोहळ या पट्टेदार जातीसारखे काही मासे तिला दाद देत नाहीत, कारण समुद्रात तो मासा शैवालाचे विस्तीर्ण पट्टे राखतो आणि दिवाणखान्यातली कितीही मोठी टाकी त्याला एका अंगणाएवढीच वाटते. मोठी टाकी घेतली की भांडणे मिटतात, हा गैरसमज या छंदात फार महागात पडलेला आहे. जागा वाढल्याने पळण्याचे अंतर वाढते, पण दृष्टिआड करणारा खडक मध्ये नसेल तर हद्दही तेवढीच वाढते.

काही भांडणांवर तर माशाचे लिंगच अवलंबून असते, हे १९७० च्या दशकात उघड झाले. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांवर डी. आर. रॉबर्टसन याने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणाऱ्या क्लीनर रॅस या माशाचा एक नर अनेक माद्यांच्या जनान्यावर हक्क गाजवतो. तो मेला की त्यांतली सर्वांत वरचढ मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि सुमारे दोन आठवड्यांत खरोखर नर होते. समुद्रफुलांच्या विषारी शुंडकांत राहणाऱ्या क्लाउनफिशमध्ये याच्या उलट चालते, हे हान्स आणि सिमोन फ्रिक्के यांनी १९७७ मध्ये मांडले: मादी सर्वांत मोठी, तिच्या खालोखाल नर, आणि त्याखाली वयात न आलेली लहान पिल्ले, मादी गेली की नर मादी बनतो आणि पिल्लांतले सर्वांत मोठे नराच्या जागी चढते. त्याच समुद्रफुलात राहायचे तर खालच्या पायरीवरच्याने वरच्याहून लहानच राहायचे, असा तेथला दंडक आहे. पाळणाऱ्यांच्या एका जुन्या कोड्याचा यातून उलगडा झाला. बाजारातून आणलेले दोन मोठे क्लाउनफिश एकमेकांच्या जिवावर का उठतात, आणि एक मोठा व एक लहान मासा बहुधा का नांदतात, याचे कारण असे की पहिल्या जोडीत दोघीही माद्या असू शकतात. २००३ मध्ये गाजलेल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटाने हाच मासा घराघरांत नेला, पण आई गेल्यावर बापाचीच आई होते ही गोष्ट चित्रपटाने सोयिस्करपणे टाळली.

भाऊबंदकी टाळण्याची आणखी एक तऱ्हा निसर्गाने एंजलफिशमध्ये योजलेली आहे. एम्परर एंजलफिशच्या प्रौढ माशावर निळ्या-पिवळ्या आडव्या रेघा असतात, तर पिल्लू गर्द निळे असून त्यावर पांढरी वर्तुळे असतात. दोघांत साम्य इतके थोडे की १८०१ मध्ये त्या पिल्लाला निकोबार बेटांवरून नाव देऊन वेगळी जात म्हणून वर्णिले गेले होते. हान्स फ्रिक्के याने १९८० मध्ये या वेगळ्या वेषाचा अर्थ लावताना म्हटले की पिल्लू स्वजातीयासारखे दिसत नसल्याने प्रौढाच्या हद्दीत त्याला खपवून घेतले जाते. पाळणाऱ्याच्या अनुभवात ही सवलत मुदतीची असते: एके दिवशी पिल्लाच्या अंगावर पिवळ्या रेघा उमटू लागतात, आणि कालपर्यंत शेजारी असलेला प्रौढ त्याच्यावर तुटून पडतो.

टाकीच्या आतली वास्तुरचना बदलण्याचे श्रेय मात्र भांडणांच्या अभ्यासाला नाही. जकार्त्याच्या ली चिन एंग याने १९६१ च्या सुमारास जिवंत खडक, म्हणजे सूक्ष्म जीव, शैवाल आणि कृमींनी वसलेले प्रवाळखडकाचे सच्छिद्र तुकडे, टाकीत रचून त्यांच्याच बळावर पाणी शुद्ध ठेवण्याची पद्धत लोकांपुढे मांडली. जर्मनीत पेटर विल्केन्स आदींनी तिला प्रोटीन स्किमरची, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या फेसात सेंद्रिय मळ अडकवून बाहेर काढणाऱ्या नळकांड्याची जोड दिली, आणि १९८६ मधील जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनंतर अमेरिकेतही टाकीत खडकांचे ढीग दिसू लागले. हे सर्व पाण्यासाठी आणि प्रवाळांसाठी केलेले होते. पण उघड्या वाळूच्या आणि दोन-चार पांढऱ्या प्रवाळसांगाड्यांच्या जुन्या टाकीत एका नजरेत सगळा मुलूख दिसे, तेथे आता कपारी, कमानी आणि आडोसे झाले. ज्याला पळायचे आहे त्याला नजरेआड होण्यापुरती तरी जागा मिळाली. भांडणांवरचा सर्वांत परिणामकारक उपाय असा दुसऱ्याच कारणाने मागच्या दाराने आला.

भारतात हा मार्ग पुरता खुला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे सर्व प्रवाळ आणि समुद्री घोडे यांचा समावेश झाल्याने येथे जिवंत प्रवाळखडक गोळा करणे किंवा विकणे गुन्हा ठरते, आणि मालवणच्या खडकांवर किंवा कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुद्रातल्या आंग्रे बँकेवर जे प्रवाळ आहेत ते तेथेच राहणे इष्टही आहे. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यटाक्यांतील प्राण्यांसाठी नियम जाहीर करून क्लाउनफिश, एंजलफिश आदी १५८ जातींच्या विक्री-प्रदर्शनावर बंदी घातली होती. पुढे ते नियम मागे घेण्यात आले. त्यामागची काळजी निराधार नव्हती, कारण फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची रीत पसरली आणि तिने माशांबरोबर प्रवाळांचाही बळी घेतला. त्यावरचा पर्याय म्हणजे पैदास. फ्लोरिडाच्या मार्टिन मो याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस क्लाउनफिशची व्यापारी पैदास यशस्वी केली, हवाईत पिवळ्या सर्जनफिशची पिल्ले टाकीत वाढवणे २०१५ मध्ये साधले, भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशची बीजोत्पादन पद्धत बसवली, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत समुद्री माशांचे उबवणी केंद्र सुरू झाले.

उबवणी केंद्रातील क्लाउनफिशची पिल्ले गर्दीत वाढतात, आणि गर्दीत कोणालाच हद्द आखता येत नसल्याने ती एकमेकांना सहन करतात. त्यांच्या वागण्यावरून हा मासा शांत आहे अशी विकत घेणाऱ्याची समजूत होते. त्यांतील दोन पिल्ले घरच्या टाकीत आली की काही महिन्यांत एक भराभर वाढून मादी होते, दुसरे नर होऊन आपली वाढ आखडून घेते, आणि दोघे मिळून टाकीचा एखादा कोपरा, समुद्रफूल नसेल तर मातीचे मडके किंवा पंपाचे तोंडसुद्धा, आपले घर म्हणून राखू लागतात. तिसरे पिल्लू आणलेलेच असेल तर त्याच्यासाठी बहुधा वेगळी टाकी घ्यावी लागते.